होदेदाच्या मच्छीमारांसाठी घिवलीच्या किनाऱ्यावरून

घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी इथल्या आणि वर तारापूर-चिंचणीपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या बंधू-भगिनींनो, बोईसरच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या कामगारांनो, आणि ज्यांच्या घरातलं कुणी जहाजावर किंवा आखातात आहे अशा सगळ्यांनो,

हे आवाहन येमेनमधल्या युद्धाबद्दल आहे. आपल्या किनाऱ्यावरून पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे झुकत जात राहिलं, तर अरबी समुद्र संपतो तिथे येमेन आहे. एडनच्या आखातातून बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या वाटेनं तांबड्या समुद्रात शिरलं की उजव्या हाताला त्याचा पश्चिम किनारा लागतो. होदेदा हे तिथलं मोठं बंदर, आणि त्याच्या आजूबाजूला मासेमारीची गावं. २०१८ पासून या गावांतल्या होड्यांवर सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या युद्धनौकांनी आणि हेलिकॉप्टरांनी गोळीबार केला. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं अशा पाच हल्ल्यांची चौकशी करून ऑगस्ट २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. किमान ४७ मच्छीमार ठार झाले होते, त्यांत सात मुलं होती. शंभराहून अधिक जणांना पकडून नेण्यात आलं होतं. होड्यांवरच्या माणसांनी हात वर केले होते, पांढरी फडकी हलवली होती, तरी गोळ्या थांबल्या नाहीत.

बापाबरोबर मुलगा होडीवर जातो तेव्हा घरी मागे राहिलेल्यांचं लक्ष कुठे असतं, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको.

या युद्धाची सुरुवात घरातल्याच भांडणानं झाली. २०११ च्या अरब उठावात अली अब्दुल्ला सालेह यांची तेहतीस वर्षांची सत्ता गेली आणि त्यांचेच उपाध्यक्ष अब्दरब्बू मन्सूर हादी गादीवर बसले. उत्तरेच्या डोंगराळ सादा भागातले हौथी बंडखोर त्यांना मानायला तयार नव्हते. कालपर्यंत हौथींशी लढलेले सालेह सत्तेसाठी त्यांनाच जाऊन मिळाले, आणि २१ सप्टेंबर २०१४ ला राजधानी सना हौथींच्या हातात गेली. हादी एडनला पळाले, तिथून रियाधला. मग २६ मार्च २०१५ ला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि त्यांच्या साथीदारांची विमानं येमेनवर आली. काही आठवड्यांत सगळं आटोपेल असा रियाधचा होरा होता. अमेरिका आणि ब्रिटननं विमानं विकली, बॉम्ब विकले. अमेरिकेनं तर नोव्हेंबर २०१८ पर्यंत सौदी विमानांत हवेतल्या हवेत इंधनही भरलं. दुसऱ्या बाजूनं इराणनं हौथींना क्षेपणास्त्रं आणि ड्रोन पुरवले. येमेनी माणसाचा देश दुसऱ्यांच्या हिशेबांचं मैदान झाला.

आठवड्यांची वर्षं झाली. त्या वर्षांतल्या दोन-तीन गोष्टी तरी आपण नीट डोळ्यांसमोर आणायला हव्यात, कारण आकडे ऐकून माणूस बधिर होतो.

८ ऑक्टोबर २०१६ ला सना शहरात एका मोठ्या सभागृहात मयताचे विधी चालू होते. आपल्याकडे दहाव्या-तेराव्याला गाव जमतं तसे शेकडो लोक जमले होते. विमानांनी त्या सभागृहावर बॉम्ब टाकले. सुमारे १४० माणसं मेली, पाचशेहून अधिक जखमी झाली. ९ ऑगस्ट २०१८ ला सादा प्रांतातल्या दहयान गावच्या बाजारात शाळेच्या सहलीची बस थांबली होती. तिच्यावर अमेरिकी बनावटीचा बॉम्ब पडला आणि चाळीस मुलं गेली. त्याआधी १६ मार्च २०१७ च्या रात्री होदेदाजवळच्या समुद्रात सोमाली निर्वासितांनी भरलेल्या नावेवर हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाला होता. त्यात ४२ जण ठार झाले. युद्धातून सुटण्यासाठी येमेन सोडून निघालेली माणसं होती ती.

पण बॉम्बपेक्षा जास्त माणसं मारली ती बंदराच्या नाकेबंदीनं. हे बंदर-किनाऱ्यावरच्या लोकांना लवकर कळेल म्हणून जरा सविस्तर सांगतो. येमेनला लागणारं बहुतेक धान्य बाहेरून येतं आणि त्यातलं दोन-तृतीयांशाहून अधिक होदेदा आणि शेजारच्या सलीफ बंदरांतून. ऑगस्ट २०१५ मध्ये आघाडीच्या विमानांनी होदेदाच्या धक्क्यावरच्या मोठ्या क्रेन उद्ध्वस्त केल्या. जहाजं बाहेर नांगर टाकून उभी राहायची, माल उतरवायला दिवसेंदिवस लागायचे. जागतिक अन्न कार्यक्रमानं अमेरिकेच्या पैशातून चार फिरत्या क्रेन घेतल्या आणि जहाजानं पाठवल्या. जानेवारी २०१७ मध्ये सौदी आघाडीनं त्या परत फिरवल्या. त्या होदेदाच्या धक्क्यावर लागल्या जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे वर्षभरानं. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, हौथींनी रियाधच्या दिशेनं क्षेपणास्त्र सोडलं म्हणून आघाडीनं येमेनची सगळी बंदरं आणि विमानतळ बंद केले होते. या सगळ्या नाकेबंदीच्या वर्षांत इंधन नाही म्हणून पाण्याचे पंप बंद, पंप बंद म्हणून लोक मिळेल ते पाणी पिणार. त्यातून कॉलऱ्याची अशी साथ पसरली की २०१७ या एका वर्षात दहा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. क्रेन मोडली की मूल मरतं ते असं. मधे कित्येक महिने जातात, त्यामुळे खून कुणी केला हे कुणी विचारत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे की २०२१ अखेरपर्यंत या युद्धानं ३ लाख ७७ हजार माणसं गेली. त्यांतली साठ टक्के गोळीनं किंवा बॉम्बनं गेलेली नाहीत; भूक, रोग, औषधाचा अभाव यांनी गेली, आणि त्यांत पाच वर्षांखालची मुलंच सर्वांत जास्त.

हौथींना साधुसंत ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांनी ताइझ शहराला वर्षानुवर्षं वेढा घातला, शेतांत आणि रस्त्यांत सुरुंग पेरले, लहान पोरांच्या हाती बंदुका दिल्या. आज संयुक्त राष्ट्रांचे पन्नासहून अधिक येमेनी कर्मचारी त्यांच्या कैदेत आहेत. धान्य वाटणाऱ्यालाच हेर म्हणून डांबायचं, ही त्यांची रीत. पण हौथी वाईट आहेत म्हणून होदेदाच्या नाखव्याच्या पोरानं का मरावं, या प्रश्नाचं उत्तर रियाधजवळ नाही, वॉशिंग्टनजवळ नाही, आणि खरं सांगायचं तर दिल्लीनंही ते कधी जोरानं विचारलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध?

संबंध जुना आहे. १८३९ च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारानं एडन घेतलं ते मुंबईहून जाऊन, आणि पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेप भोगायला पाठवलं ते एडनलाच. १७ फेब्रुवारी १८८३ ला त्यांनी तिथेच प्राण सोडला. आद्य क्रांतिकारक म्हणून ज्यांचं नाव आपण शाळेत शिकलो, त्यांचा शेवटचा श्वास येमेनच्या हवेत मिसळला आहे.

आणि संबंध ताजाही आहे. २०१५ च्या वसंतात आपल्या नौदलानं आणि हवाई दलानं ‘ऑपरेशन राहत’ राबवून ४,६४० भारतीयांना आणि ४१ देशांच्या ९६० नागरिकांना येमेनमधून बाहेर काढलं. आयएनएस सुमित्रा, आयएनएस मुंबई, आयएनएस तर्कश या नौका त्यात होत्या. त्या कामगिरीचा अभिमान बाळगावाच. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात होदेदाच्या बाजूला दोन बोटींवर हवाई हल्ला झाला, त्यांवर वीस भारतीय खलाशी होते, हे किती जणांच्या लक्षात आहे? तेरा जिवंत आहेत आणि सात बेपत्ता, एवढं परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं, आणि बातमी दोन दिवसांत विरून गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये ओमानहून सौदीकडे निघालेल्या तीन छोट्या जहाजांवरची माणसं हौथींच्या हाती सापडली. त्यांत चौदा भारतीय होते, महाराष्ट्रातलेही होते. वर्ष सरत आलं तेव्हा ते सुटले. जानेवारी २०२२ मध्ये ‘रवाबी’ हे अमिरातीचं जहाज हौथींनी पकडलं. त्यावरचे सात भारतीय एप्रिलच्या शेवटी सुटले. त्याच जानेवारीच्या १७ तारखेला हौथींनी अबू धाबीवर हल्ला केला, त्यात तेल साठवणीच्या आवारात काम करणारे दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी असे तिघे मेले. मरताना त्यांचे देश कुणी विचारले नाहीत.

गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर हौथींनी तांबड्या समुद्रातल्या आणि एडनच्या आखातातल्या व्यापारी जहाजांवर शंभराहून अधिक हल्ले केले. ६ मार्च २०२४ ला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर तीन खलाशी ठार झाले. उरलेल्यांपैकी २१ जणांना आपल्या आयएनएस कोलकातानं वाचवलं. उत्तर म्हणून अमेरिका, ब्रिटन आणि इस्रायल यांनी पुन्हा येमेनवरच बॉम्ब टाकले. १७ एप्रिल २०२५ ला रास इसा या तेलबंदरावर अमेरिकी हल्ल्यात सत्तरहून अधिक माणसं मेल्याचं तिथल्या आरोग्य खात्यानं सांगितलं. त्यानंतर अकरा दिवसांनी सादा शहरात आफ्रिकी स्थलांतरितांना कोंडून ठेवलेल्या इमारतीवर हल्ला झाला आणि ६८ जण गेले. त्यांचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता. कामाच्या शोधात सौदीला निघालेली ती गरीब माणसं होती. बोईसरच्या स्टेशनवर रोज उतरतात तशीच.

या भागाला एक गोष्ट विशेष कळायला हवी. आपण तारापूर अणुवीज केंद्राच्या सावलीत राहतो. पोफरण आणि अक्करपट्टी या गावांनी त्यासाठी आपली घरं सोडली. आपत्कालीन सराव म्हणजे काय ते आसपासच्या गावांना ठाऊक आहे. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या श्रेणीत मुंबई, उरण आणि तारापूर ही तीनच नावं होती. युद्ध आलं तर ते पहिल्यांदा कुणाच्या दारात येईल, याची ती सरकारी कबुलीच.

पण याच तारापूरची दुसरी बाजूही आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्ताननं ३१ डिसेंबर १९८८ ला केला. तेव्हापासून कारगिल झालं, २६/११ झालं, २०२५ चा मे झाला. तरी दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. त्याच दिवशी आणखी एक यादी दिली जाते, ती कैद्यांची. तीत मच्छीमार वेगळे मोजलेले असतात. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले आणि कराचीच्या तुरुंगात अडकलेले आपल्या जिल्ह्यातले लोक त्या यादीतून घरच्यांना सापडतात. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही असे दोन देश इतकं करू शकतात, तर बंदर, पाण्याचा पंप, शाळेची बस आणि मासेमारीची होडी यांना हात लावायचा नाही एवढी अट सगळ्या जगाला घालणं अशक्य आहे, असं मी मानत नाही.

घरच्या भांडणात परकं सैन्य आणण्याचा अनुभव उत्तर कोकणाइतका कुणाला आहे? नारायणरावांच्या खुनानंतर पेशवाईत फूट पडली आणि राघोबादादा इंग्रजांकडे गेले. १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेला तह झाला. मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई द्यायची, असं त्यात ठरलं. ज्या वसईसाठी चिमाजी अप्पांच्या फौजेनं १७३९ मध्ये एवढी माणसं खर्ची घातली, आणि ज्या मोहिमेत आपल्या तारापूरच्या किल्ल्यावर बाजी भिवराव पडले, ती वसई एका तहानं इंग्रजांना देऊ केली गेली. पुढे १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला हरवल्यावर दुसरे बाजीराव वसईला पळाले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पदरात घेतली. फौज आली ती भांडण मिटवायला. सोळा वर्षांत पेशवाई संपली. हादींनी रियाधला जाऊन मदत मागितली तेव्हा हा इतिहास त्यांना कुणी सांगितला नसावा.

मग १९७१ चं काय, असं कुणी तरी विचारेलच, आणि विचारावं. पूर्व पाकिस्तानात नरसंहार चालू होता, एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते, आणि आपलं सैन्य गेलं. ते युद्ध तेरा दिवसांत संपलं आणि मार्च १९७२ पर्यंत आपलं सैन्य बांगलादेशातून परत आलं. माझ्या मते त्या विजयातली मोठी गोष्ट ती परतीची. श्रीलंकेत नेमकं उलट घडलं. जुलै १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना तमिळ-सिंहली यादवीत मध्यस्थ म्हणून उतरली आणि ऑक्टोबरपासून स्वतःच लढू लागली. जाफन्याच्या रुग्णालयात २१ ऑक्टोबर १९८७ ला आपल्या सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका अशी साठहून अधिक माणसं मेली. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्याच मोहिमेत २५ नोव्हेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा सुमारे बाराशे जवान गमावले होते, आणि यादवी पुढे आणखी एकोणीस वर्षं चालली. जवानांच्या शौर्यावर इथे कुणी बोट ठेवत नाही. त्यांना तिथे पाठवण्याचा निर्णय चुकला, एवढंच म्हणणं आहे, आणि ज्या देशानं हे स्वतः भोगलं आहे त्यानं येमेनबद्दल बोलायला कचरू नये.

पण आपण कचरलो. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनं येमेनमधल्या गुन्ह्यांच्या चौकशीसाठी तज्ज्ञांचा गट नेमला होता. सौदी, अमिराती, हौथी, हादी सरकार अशा सगळ्यांच्याच गुन्ह्यांवर तो बोट ठेवत होता. ७ ऑक्टोबर २०२१ ला त्याची मुदत वाढवण्याचा ठराव मतदानाला आला. बाजूनं १८ मतं, विरोधात २१. परिषदेच्या इतिहासात मतदानात पडलेला हा पहिला ठराव. विरोधातल्या २१ मतांत एक भारताचं होतं. चीन, रशिया आणि पाकिस्तानच्या रांगेत आपण त्या दिवशी उभे राहिलो. तेल, आखातातली लाखो भारतीयांची नोकरी, ही कारणं मला कळतात. आपल्याच किनाऱ्यावरची कितीतरी घरं त्या पगारावर चालतात. तरीही ज्या चौकशीत सात बेपत्ता भारतीयांचा प्रश्नही कुणी तरी विचारला असता, ती बंद करायला आपलं मत गेलं, हे गिळता येत नाही.

घाई का, तेही सांगतो. एप्रिल २०२२ चा युद्धविराम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कागदावर संपला. त्यानंतर जे चाललं ते केवळ सवयीनं. २०२५ मध्ये अमेरिकेनं येमेनची मदत तोडली. १ कोटी ९५ लाख लोकांना मदतीची गरज आहे, असं त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं होतं. म्हणजे देशाचा निम्मा भाग. आणि २०२५ च्या डिसेंबर अखेरीस सौदी विमानांनी मुकल्ला बंदरावर हल्ला केला, तो अमिरातीहून शस्त्रं उतरत असल्याचा आरोप करून. दहा वर्षांपूर्वी खांद्याला खांदा लावून आलेले दोन साथीदार आता येमेनच्याच धक्क्यावर एकमेकांचा हिशेब चुकवू लागले.

तेव्हा माझं मागणं असं आहे.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक किनारी गावानं ठराव मांडावा. ठरावात दोनच गोष्टी असाव्यात. येमेनमधल्या मच्छीमारांवर, बंदरांवर आणि व्यापारी जहाजांवर कुणीही केलेल्या हल्ल्यांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चौकशी पुन्हा सुरू व्हावी आणि भारतानं तिच्या बाजूनं मत द्यावं, ही पहिली. २०१५ च्या बोटींवरच्या बेपत्ता भारतीय खलाशांचं पुढे काय झालं ते परराष्ट्र मंत्रालयानं संसदेत सांगावं, ही दुसरी. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, खासदारांना आणि थेट परराष्ट्र मंत्रालयाला पाठवावी आणि पोच घ्यावी. घिवलीच्या ठरावानं सौदीचं विमान थांबेल का, असं हसून विचारणारे भेटतील. नाही थांबणार. पण जिनिव्हात मानवाधिकार परिषदेत हात वर करणारा माणूस दिल्लीच्या सांगण्यावर हात वर करतो, आणि दिल्लीला वाटतं की या विषयाशी मतदारांना देणंघेणं नाही. ते वाटणं खोटं ठरवणं आपल्या हातात आहे. या किनाऱ्याला ठराव नवे नाहीत. वाढवण बंदराविरुद्ध इथल्या ग्रामसभांनी ते केले आहेत, आणि १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं ते बंदर एकदा नाकारलंही होतं. पुढे काय झालं ते आपण पाहतोच आहोत, तरी ठरावच केले नसते तर आपलं म्हणणं कागदावरही उरलं नसतं.

दुसरं मागणं जहाजावर जाणाऱ्या मुलांच्या घरांना. एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकून आधी तपासा. करार, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका) आणि पासपोर्ट यांच्या प्रती घरी ठेवा, जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक लिहून घ्या. तांबड्या समुद्राचा दक्षिण भाग आणि एडनचं आखात यांबाबत आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ आणि जहाजमालक यांच्यात करार आहे. त्या कराराखालच्या जहाजावरचा खलाशी युद्धक्षेत्रात जायला नकार देऊ शकतो आणि कंपनीच्या खर्चानं घरी येऊ शकतो. गेलाच तर त्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट मिळतो. हा हक्क छोट्या टगवर आणि लाकडी वाहनांवर काम करणाऱ्यांना बहुधा मिळत नाही. २०१५ आणि २०२० मध्ये अडकले ते याच प्रकारच्या बोटींवरचे लोक. म्हणून अशा बोटीवर जाण्याआधी ती कुठून कुठे जाणार हे लेखी घ्या. लेखी देत नसेल तर जाऊ नका, दोन महिने जास्त घरी बसा. मच्छीमार सहकारी संस्थांनी गावातल्या बाहेर गेलेल्या खलाशांची एक वही ठेवली, तर संकटाच्या दिवशी घरच्यांना दारोदार फिरावं लागणार नाही.

तिसरं, पैसे. जमेल तेवढे द्या, पण युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, रेड क्रॉस किंवा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्याच अधिकृत संकेतस्थळावरून. व्हॉट्सॲपवर येमेनच्या मुलांचे फोटो लावून फिरणाऱ्या क्यूआर कोडला एक रुपयाही देऊ नका. मी स्वतः कुणाकडून काही गोळा करत नाही, आणि माझं नाव सांगून कुणी मागायला आला तर त्याला हाकलून द्या.

आणखी एक विनंती आहे, विशेषतः बोईसरच्या चहाच्या टपऱ्यांवर आणि मोबाईलवरच्या गटांत वाद घालणाऱ्यांना. या युद्धाला शिया-सुन्नीचं किंवा आपल्याकडच्या हिंदू-मुसलमानांचं भांडण बनवू नका. सौदी बॉम्बनं मेलेले मुसलमान होते, अबू धाबीत हौथींच्या हल्ल्यानं मेलेले भारतीय कामगार होते, तांबड्या समुद्रात मेलेल्या खलाशांत फिलिपिनो ख्रिस्ती होते. कुणाची बाजू घ्यायचीच असेल तर होडीवरच्या माणसाची घ्या.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. यांतली जी तारीख आधी येईल तिच्या आठ दिवस आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन हा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. अर्जावर दहा मच्छीमारांच्या सह्या घ्या, आणि त्यांत पाच तरी मासळी विकणाऱ्या बायकांच्या असू द्या.